समोरचा सारखी मारामारी करतो तेव्हा

डाव मनासारखा जमत आलेला असतो. घोडा पटाच्या मधोमध छान बसलाय, उंट लांबच्या कर्णावर रोखून उभा आहे, आणखी दोन चालींत हत्तीही कामाला लागेल. एवढ्यात समोरचा आपला उंट उचलतो आणि त्या घोड्याला मारतो. तुम्ही उंट मारता. मग तो वजिरासमोर वजीर आणून ठेवतो. तेही दोन्ही जातात. मग एकेक हत्ती. विसाव्या चालीला पटावर दोन राजे, एकेक हत्ती आणि काही प्यादी एवढंच उरतं. मनात रचून ठेवलेला हल्ला करायला माणसंच शिल्लक नसतात.

बुद्धिबळ खेळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला असा प्रतिस्पर्धी येतो. मला अशा खेळाडूंचा फार राग यायचा. वाटायचं, याला खेळायचंच नाहीये, नुसतं पट साफ करायचंय. हा राग मी पुष्कळ वर्षं बाळगला आणि त्यापायी बरेच डाव घालवले. आता राग येत नाही. मारामारीत नेमकं काय घडतं हे समजलं, की हाच प्रतिस्पर्धी खेळायला सगळ्यात सोपा वाटायला लागतो. ते कसं, हे नवशिक्यालाही कळेल अशा पद्धतीने सांगायचा प्रयत्न करतो. जवळ पट असेल तर मांडून बसा.

तीन दिले, तीन घेतले

मोहऱ्यांच्या किमती सगळ्यांना पाठ असतात. प्यादं १, घोडा ३, उंट ३, हत्ती ५, वजीर ९. राजाला किंमत नाही, कारण तो गेला की डावच गेला. सुरुवातीला दोघांकडे ३९-३९ गुणांचं सैन्य असतं. मी तुमचा घोडा मारला आणि तुम्ही माझा उंट मारलात, की दोघेही ३६ वर. हिशेब बरोबर. म्हणून बहुतेकांना वाटतं की अशा मारामारीत काहीच बदलत नाही, फक्त गर्दी कमी होते.

इथेच सगळी गडबड आहे. किमती सारख्या असल्या तरी पट सारखा राहत नाही.

एक छोटं उदाहरण बघू. पांढरा राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकतो, काळाही तेच करतो. पांढऱ्याचा घोडा एफ३ वर येतो, काळ्याचा सी६ वर (उभ्या रांगा पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच, आडव्या त्याच्याकडून १ ते ८). पांढरा वजिरासमोरचं प्यादं डी४ वर टाकतो, काळा ते प्याद्याने मारतो, पांढरा घोड्याने परत मारतो. आता दोन घोडे एकमेकांवर डोळा ठेवून आहेत, पांढऱ्याचा डी४ वर आणि काळ्याचा सी६ वर. ज्याला मारामारीची सवय लागलीय त्याचा हात इथे थांबत नाही. तो सी६ चा घोडा डी४ वर मारतो आणि पांढरा वजिराने परत मारतो.

तीन दिले, तीन घेतले. आता पट नीट बघा. पांढऱ्याचा वजीर मधोमध येऊन बसलाय. एरवी इतक्या लवकर वजीर मध्यभागी आणला की तो मार खातो, कारण समोरचा आपले मोहरे बाहेर काढता काढता त्याला हाकलत राहतो. या वजिराला सहज हाकलू शकला असता तो सी६ चा घोडा, आणि काळ्याने नेमका तोच देऊन टाकला. काळ्याचा आता एकही मोहरा घरातून बाहेर आलेला नाही. बाहेर आलेला एकुलता एक घोडा दोन चाली खर्च करून पटाबाहेर गेला. सी प्यादं पुढे टाकून वजिराला हाकलता येतं, पण मग शेजारचं डी प्यादं मागे अडकून पडतं आणि पुढे बराच काळ त्याची राखण करत बसावं लागतं.

एवढं एका उदाहरणात सापडतं, म्हणून मी ते सगळ्यांना दाखवतो. जो आधी मारतो त्याचा चालवून आणलेला मोहरा जातो आणि जो परत मारतो त्याचा नवा मोहरा चांगल्या घरात येऊन बसतो. नेहमीच असं होत नाही, पण सुरुवातीच्या पंधरा चालींत इतक्या वेळा होतं की तेवढ्यावर नजर ठेवली तरी पुष्कळ आहे. काळ्याचा उंट जी४ वर येतो आणि तुम्ही काही न विचारता एफ३ चा घोडा मारतो, तेव्हाही हेच घडतं. तुम्ही वजिराने परत मारता. वजीर फुकटात बाहेर आला आणि तुमचे दोन्ही उंट शाबूत राहिले. मोकळ्या पटावर उंटांची जोडी ही चांगली कमाई असते.

फ्रेंच डिफेन्स, म्हणजे ई४ ला ई६ ने उत्तर द्यायची काळ्याची सुरुवात, खेळणाऱ्यांना हा अनुभव रोजचा असेल. त्या पद्धतीत काळ्याची मोठी डोकेदुखी म्हणजे पांढऱ्या घरांतून चालणारा त्याचा उंट. तो ई६ च्या प्याद्यामागे कोंडलेला असतो आणि कित्येक डावांत तिशीपर्यंत हलत नाही. पांढऱ्याने तिसऱ्याच चालीला डी५ वर प्याद्यांची मारामारी केली, की ई६ चं प्यादं डी५ वर जातं आणि उंटाचं दार उघडतं. आता बरोबरीच होणार म्हणून काळा कुरकुरतो. खरं तर त्याचं मोठं दुखणं पांढऱ्याने स्वतःच्या हाताने बरं केलेलं असतं.

आणखी एक मारामारी पाहण्यात येते ती जरा फसवी आहे. पांढरा घोडा आणि उंट दोन्ही एफ७ वर रोखतो. काळ्याने कॅसलिंग केलं (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजा कडेला नेला) की घोडा तिथलं प्यादं मारतो, हत्ती घोडा मारतो, उंट हत्ती मारतो, राजा उंट मारतो. हिशेब करा: पांढऱ्याने ३ आणि ३ दिले, ५ आणि १ घेतले. बरोबर सहाला सहा. पण दहाव्या चालीच्या आत घोडा आणि उंट हे हत्ती आणि प्याद्यापेक्षा कितीतरी जास्त काम करतात, कारण हत्तींना फिरायला अजून मोकळी रांगच नसते. असं कोणी केलं तर घाबरू नका, काळ्याची बाजू चांगली आहे. राजा सावकाश सुरक्षित जागी न्या आणि दोन मोहऱ्यांनी एकेका प्याद्यावर चालून जा.

पट मनातल्या मनात रिकामा करून बघा

आता मुख्य मुद्दा. मारामारी करावी की टाळावी हे ठरवायला माझ्याकडे एकच पद्धत आहे, आणि ती कोणालाही जमते. पटावरचे सगळे मोहरे मनातल्या मनात उचलून बाजूला ठेवा. फक्त दोन राजे आणि प्यादी राहू द्या. आता कोण जिंकेल?

रॉय लोपेझ या सुरुवातीतली एक्स्चेंज पद्धत घ्या. पांढरा चौथ्या चालीला उंटाने सी६ चा घोडा मारतो आणि काळा डी प्याद्याने परत मारतो. मग मध्यभागी प्याद्यांची मारामारी होते आणि वजीरही जातात. दोघांकडे सात-सात प्यादी. पण मांडणी बघा. राजाच्या बाजूला पांढऱ्याची चार, काळ्याची तीन. वजिराच्या बाजूला काळ्याची चार, पांढऱ्याची तीन, फक्त काळ्याची त्या चारांतली दोन सी रांगेत एकामागे एक उभी आहेत. पांढऱ्याची चार प्यादी तिघांना रेटत एक प्यादं मोकळं करू शकतात, म्हणजे असं की त्याच्या वाटेत कोणी उरत नाही आणि ते वजीर व्हायला सुटतं. काळ्याच्या चारांना हे जमत नाही, पांढऱ्याची तीन प्यादी त्यांना रोखून धरतात. सगळे मोहरे उचलले तर पांढरा जिंकण्याच्या वाटेवर आहे.

म्हणजे इथे एकामागून एक मारामारी करणाऱ्या पांढऱ्याला आळशी म्हणता येणार नाही. त्याच्याकडे योजना आहे आणि प्रत्येक मारामारीने तो त्या योजनेच्या एकेक पायरी जवळ जातो. काळ्याकडे याच्या बदल्यात उंटांची जोडी आहे, म्हणून काळ्याने पट भरलेला ठेवायला हवा. एकाच पटावर एकाला मारामारी हवी आणि दुसऱ्याला नको, हे दोघांचं बरोबर असू शकतं.

या पद्धतीचा सगळ्यात गाजलेला डाव १९१४ साली सेंट पीटर्सबर्गला झाला. इमॅन्युएल लास्कर तेव्हा जगज्जेता होता, पण स्पर्धेत तरुण कापाब्लांका पुढे होता आणि लास्करला जिंकणं भाग होतं. जिंकायचंच आहे म्हटल्यावर सगळ्यांना वाटलं असतं की तो काहीतरी धडाक्याचं खेळेल. त्याने ही एक्स्चेंज पद्धत निवडली. सातव्या चालीपर्यंत दोन्ही वजीर पटाबाहेर. पुढे त्याने एफ प्यादं एफ५ पर्यंत नेलं आणि त्याच्या आधाराने घोडा ई६ वर, काळ्याच्या अगदी पोटात नेऊन बसवला. त्या घोड्याला तिथून काढणं कापाब्लांकाला जमलं नाही आणि तो गुदमरून हरला. लास्करने स्पर्धा अर्ध्या गुणाने जिंकली. वजीर गेले की डाव मेला, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा डाव एकदा पटावर खेळून बघावा. मी तो किती वेळा मांडला असेल याची गणती नाही.

काय गेलं याच्याकडे सगळे बघतात, काय उरलं याच्याकडे बघावं लागतं. १९७१ मध्ये ब्युनोस आयर्सला बॉबी फिशर आणि तिग्रान पेट्रोसियान यांच्या लढतीतल्या सातव्या डावात हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडलं. फिशरचा घोडा सी५ वर राजासारखा बसला होता. पेट्रोसियानचा डी७ वरचा उंट मात्र त्याच्याच प्याद्यांत अडकून बापुडवाणा दिसत होता. बाविसाव्या चालीला फिशरने आपला तो सुंदर घोडा त्या अडकलेल्या उंटावर मारला. बघणारे चक्रावले, कारण असा घोडा कोणी असा देत नाही. पण दिसायला दुबळा असलेला तो उंटच काळ्याची पांढरी घरं सांभाळत होता. तो गेला आणि फिशरच्या हत्तींना आत शिरायला वाट मिळाली. चौतिसाव्या चालीला पेट्रोसियानने डाव सोडला. घोडा छान होता हे खरंच, पण उरलेला पट त्याच्याहून छान होता.

कधी मारामारी हवी, कधी नको

तुमच्याकडे एक मोहरा जास्त असेल तर मारामारी करा. ही गोष्ट सगळे सांगतात, पण तिचं कारण फारसं कोणी सांगत नाही. तुमच्याकडे एक घोडा जास्त आहे असं धरा. पट भरलेला असेल तर हिशेब ३९ विरुद्ध ३६. एवढा फरक एका चुकीत भरून निघतो. आता वजीर गेले, दोन्ही हत्ती गेले, दोन्ही उंट गेले, एक घोडाही गेला. तुमच्याकडे आठ प्यादी आणि एक घोडा, ११. त्याच्याकडे नुसती आठ प्यादी, ८. फरक तीनचाच आहे, पण आता घोडा एकेका प्याद्यावर चालून गेला तर त्याला अडवायला राजाशिवाय कोणी नाही. फायदा तेवढाच राहिला आणि त्याला आडवं येणारं सगळं निघून गेलं.

मात्र मारामारी मोहऱ्यांची करायची, प्याद्यांची नाही. प्यादी संपली की मोठा घात होतो, कारण एकटा घोडा किंवा एकटा उंट मात करू शकत नाही. जिंकलेला डाव बरोबरीत सुटतो. म्हणूनच जो मागे पडलाय त्याने याच्या उलट करावं, मोहरे जपावेत आणि प्यादी मारत जावीत. तुम्ही हरत असताना समोरचा प्यादीच मारत बसला असेल तर तो तुमचंच काम करतोय.

दुसरं कारण जागेचं. ज्याची प्यादी पुढे गेलीत त्याच्या मोहऱ्यांना मागे फिरायला ऐसपैस जागा असते. दुसऱ्याचे मोहरे दोन आडव्या रांगांत एकमेकांच्या पायात येत असतात. लहान खोलीत दहा माणसं कोंबली की कोणाला हात हलवता येत नाही, चार बाहेर गेली की उरलेली निवांत बसतात. ज्याला जागा कमी आहे त्याला मारामारीने मोकळा श्वास मिळतो. म्हणून जागा तुमच्याकडे असेल तर पट भरलेला ठेवा, समोरच्याला गर्दीत राहू द्या. त्याचा घोडा मारामारी मागत पुढे आला तर आपला घोडा मागे नेणं इथे पूर्णपणे योग्य आहे, आणि मग प्याद्याने त्याच्या घोड्याला हाकला.

समोरासमोर आलेली प्यादी लगेच मारलीच पाहिजेत असं नाही, हेही इथेच सांगून टाकतो. तो ताण तसाच राहू दिला की कधी मारायचं हे तुम्ही ठरवता आणि समोरच्याला प्रत्येक चालीला त्याचा विचार करावा लागतो. सारखी मारामारी करणाऱ्याला नेमका हा ताणच सोसत नाही. दोन-तीन चाली तुम्ही काही केलं नाही, तर तो स्वतःच मारतो आणि तुमचा मोहरा पुढे आणून देतो.

टाळण्यापायी हरलेला डाव

आता माझा एक डाव. समोर असाच एक जण होता, पहिल्या अकरा चालींत त्याने दोन घोडे आणि एक उंट मारामारीत काढले होते. मी चिडलो होतो. मग त्याने डी रांगेत, मोकळ्या उभ्या रांगेत, माझ्या वजिरासमोर आपला वजीर आणला. मागे त्याचा हत्ती होता, माझाही होता. सरळ मारामारी झाली असती तर डाव अगदी समान होता, उलट माझी प्यादी थोड्या चांगल्या घरांत होती. पण आता वजीर तरी देणार नाही, असं मी मनाशी ठरवलं आणि वजीर बाजूला घेतला.

त्या एका चालीने मी डी रांग त्याला आंदण दिली. त्याचा वजीर जागेवरच राहिला आणि माझ्या हत्तीवर रोखला गेला. मला हत्तीही हलवावा लागला. मग त्याने दुसरा हत्ती त्याच रांगेत आणला. पाच चालींनी त्याचा हत्ती माझ्या प्याद्यांच्या रांगेत शिरला आणि दोन प्यादी घेऊन गेला. त्याने काही मोठं केलं नव्हतं. मारामारी टाळायची म्हणून मी माझे मोहरे वाईट घरांत नेऊन ठेवत होतो आणि तो चांगल्या घरांत थांबला होता. डावानंतर हे बघताना खूप वाईट वाटलं, कारण त्या दिवशी पट माझ्या बाजूने होता.

तेव्हापासून मी मारामारी टाळण्याचे दोन प्रकार वेगळे धरतो. मागे घेतलेला मोहरा आधीइतक्याच किंवा जास्त चांगल्या घरात जात असेल आणि समोरच्याचा मोहरा अवघडून उभा राहत असेल, तर जरूर टाळावी. मागे घेतल्याने रांग, घर किंवा चाल जात असेल, तर गप्प मारामारी होऊ द्यावी. शक्य असेल तर त्यालाच आधी मारायला लावावं, म्हणजे परत मारताना आपला मोहरा पुढे येतो. वरच्या डावात मी नुसता जागेवर थांबून दुसरा हत्ती जोडला असता तरी चाललं असतं.

हल्ल्याची आवड असलेल्या खेळाडूला वजीर गेल्याचं दुःख जास्तच होतं, आणि ते फक्त आपल्यासारख्यांनाच होतं असं नाही. २००० साली लंडनमध्ये व्लादिमिर क्रॅमनिकने गॅरी कास्पारोव्हविरुद्ध बर्लिन बचाव काढला. त्यात आठव्या चालीला वजीर पटाबाहेर जातात आणि काळ्याचा राजा कॅसलिंगही करू शकत नाही. कागदावर पांढऱ्याला थोडं बरं. पण कास्पारोव्हची सगळी ताकद वजीर पटावर असतानाच्या वादळात होती, आणि वादळ उठवायचं साधनच क्रॅमनिकने काढून घेतलं. पंधरा डावांत कास्पारोव्ह एकही डाव जिंकू शकला नाही. जगज्जेतेपद ८.५ विरुद्ध ६.५ असं गेलं.

दोन राजे आणि एक प्यादं

सारखी मारामारी करणारे बहुतेक जण शेवटच्या टप्प्यात कच्चे असतात, हे माझं ठाम मत आहे. त्यांना गुंतागुंतीची भीती असते, पट रिकामा झाला की सुरक्षित वाटतं, पण रिकाम्या पटावर काय करायचं हे त्यांनी शिकलेलं नसतं. ते तुम्ही शिका. महिनाभर ओपनिंगची (डावाच्या सुरुवातीच्या चालींची) पाठांतरं बंद ठेवून नुसता हा टप्पा केला तरी अशा खेळाडूंविरुद्धचे निकाल बदलतील.

सुरुवात इथून करा. पांढरा राजा ई५ वर, पांढरं प्यादं ई४ वर, काळा राजा ई७ वर. बाकी काही नाही. दोन राजे समोरासमोर, मध्ये एक घर. याला ऑपोझिशन म्हणतात. आता खेळी कोणाची आहे यावर सगळा डाव ठरतो.

खेळी काळ्याची असेल तर त्याला बाजूला व्हावं लागतं. तो डी७ वर गेला तर पांढरा राजा दुसऱ्या बाजूने एफ६ वर शिरतो. काळा ई८ वर आला की पांढरा ई६ वर. राजा सहाव्या रांगेत आणि प्यादं त्याच्या मागे, इथून पांढरा जिंकतोच, मग खेळी कोणाचीही असो. खेळी पांढऱ्याची असेल तर मात्र त्यालाच बाजूला व्हावं लागतं. तो डी५ वर गेला की काळा डी७ वर येऊन परत समोर उभा राहतो. प्यादं पुढे ढकललं तरी काळा नेमका प्याद्यासमोर, मग शेवटच्या रांगेत येऊन पुन्हा समोरासमोर येतो, आणि शेवटी काळ्याला खेळीच उरत नाही, राजाला शहही नाही. बरोबरी. तोच पट, तीच तीन सोंगटी. एका खेळीचा फरक.

ही गोष्ट फक्त नवशिक्यांच्या पुस्तकातली नाही. १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर, जगज्जेतेपदाचा चौदावा डाव. डी. गुकेश आणि डिंग लिरेन, दोघांकडे एकेक हत्ती, एकेक उंट आणि थोडी प्यादी. गुकेशकडे एक प्यादं जास्त, पण तो पट बरोबरीकडे चालला होता. डिंगचा उंट पार कोपऱ्यात, ए८ वर. पंचावन्नाव्या चालीला डिंगने हत्ती एफ२ वर आणून हत्तीची मारामारी देऊ केली. पट जितका रिकामा तितकी बरोबरी जवळ, असं दमलेल्या मनाला वाटलं असावं. गुकेशने हत्ती मारला, राजाने परत मारलं, आणि गुकेशने लगेच उंट डी५ वर ठेवला. कोपऱ्यातला उंट त्याच कर्णावर अडकलेला, त्याला पळायला दुसरी वाटच नव्हती. उंटांचीही मारामारी झाली. अठ्ठावन्नाव्या चालीला डिंगचा राजा ई३ वर आला, गुकेशचा ई५ वर. समोरासमोर, मध्ये एक घर, खेळी डिंगची. त्याने डाव सोडला आणि अठरा वर्षांचा गुकेश जगज्जेता झाला. हत्ती पटावर असता तर कदाचित निकाल निराळा असता. एक मारामारी नको तिथे झाली.

मी तो डाव घडत असताना बघत होतो. हत्ती एफ२ वर आला तेव्हा गुकेशच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून अंगावर काटा आला होता. आजही ते दृश्य दिसलं की येतो.

राहिलं ओपनिंगचं. मारामारीने फारच त्रास होत असेल तर अशा सुरुवाती निवडा जिथे मध्यभागी प्यादी एकमेकांना अडवून उभी राहतात. किंग्ज इंडियन किंवा फ्रेंचची पुढे सरकलेली पद्धत घ्या. प्यादी गच्च झाली की मोहऱ्यांच्या वाटा एकमेकींना छेदतच नाहीत, मारायला कोणी समोर येत नाही. काळ्याकडून सिसिलियनही बरी, कारण तिथे दोघांची प्यादी सारखी नसतात आणि मारामारी झाली तरी पट सपाट होत नाही. पण हे सगळं शेवटच्या टप्प्याचा अभ्यास झाल्यावर. त्याआधी सुरुवात बदलून फारसं काही होत नाही, मी करून बघितलंय.

आणि वेगवान डावांत एक लक्षात ठेवा. मारामारी करणाऱ्याचं घड्याळ तुमच्यापेक्षा कमी खर्च होतं, कारण त्याच्या चाली ठरलेल्या असतात. चिडून विचार करत बसलात की वेळही जातो आणि डावही.

त्या डी रांगेवाल्या प्रतिस्पर्ध्याशी मी अजून खेळतो. गेल्या डावात त्याने नेहमीप्रमाणे पंधराव्या चालीला वजीर समोर आणला. मी मनातल्या मनात वजीर उचलले, हत्ती उचलले, घोडे उचलले. राजाच्या बाजूला माझी चार प्यादी होती, त्याची तीन. वजीर मी आधी मारला.